जुन्या पोलादी सायकलीचे मोल

जुन्या बाजारात उभ्या असलेल्या सायकलीची किंमत विचारली की विकणारा बहुधा आधी तिचे नाव सांगतो. रॅले आहे, बीएसए आहे, हर्क्युलिस आहे, आजोबांच्या वेळची आहे, अस्सल इंग्लंडची आहे. लांब पल्ल्याची सायकलस्वारी करणाऱ्या ज्या तरुणांना कार्बन-ॲल्युमिनियमच्या सायकली परवडत नाहीत, त्यांची नजर या जुन्या पोलादी सायकलींकडे वळते. नावावरून सौदा होतो. महिनाभराने कळते की चाकाच्या मापाचा टायर गावात मिळत नाही, किंवा सीटखालची नळी आतून गंजून गेली आहे.

चाळीस-पन्नास वर्षांची सायकल पुन्हा रस्त्यावर का उतरू शकते आणि तिचे खरे मोल कशात असते, हे समजून घ्यायचे तर तिच्या इतिहासात शिरावे लागते. हा इतिहास बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅममध्ये सुरू होतो, आसनसोल, लुधियाना आणि वरळीला येतो, आणि शेवटी आपल्या चौकातल्या सायकल मिस्त्रीच्या लाकडी पेटीपाशी पोहोचतो.

नळीचा इतिहास

आज आपण जिला सायकल म्हणतो तिचा आकार १८८५ मध्ये ठरला. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ नावाची सायकल आणली. दोन्ही चाके जवळपास सारखी, मागच्या चाकाला चेन. त्याच सुमारास जर्मनीत मानेसमान बंधूंनी सांधा नसलेली पोलादी नळी तयार करण्याची पद्धत शोधली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांचा हवेचा टायर आला. पोलादी नळी, चेन आणि हवेचा टायर या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि सामान्य माणसाला परवडेल असे वाहन तयार झाले.

पुढचा प्रश्न वजनाचा होता. सायकलच्या सांगाड्यावर सगळा ताण सांध्यांवर येतो. नळीच्या मधल्या भागावर तो कमी असतो. मग संपूर्ण नळी जाड कशाला ठेवायची? बर्मिंगहॅममध्ये खिळे बनवणाऱ्या घराण्यातल्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले. बाहेरून ती सरळ, एकसारखीच दिसते. जाडीतला फरक आतल्या बाजूला असतो. १९३५ मध्ये याच कंपनीने मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची ‘५३१’ ही नळी बाजारात आणली. पुढची कित्येक दशके लांब पल्ल्याच्या उत्तम इंग्रजी सायकलींच्या सीटखालच्या नळीवर ‘रेनॉल्ड्स ५३१’ हे छोटे लेबल दिसत राहिले.

भारतात मात्र मोठ्या प्रमाणावर आली ती वेगळी सायकल. ‘रोडस्टर’ म्हणून ओळखली जाणारी ही सायकल साध्या, जाड पोलादाची होती. २८ इंची चाके, दांड्यांचे ब्रेक, मजबूत कॅरिअर, वजन वीस किलोच्या आसपास. तिच्यावर दुधाच्या किटल्या, गव्हाचे पोते, पुढच्या दांडीवर पोर आणि मागे बायको असा संसार चालला. चांगली ५३१ नळीची प्रवासी सायकल बारा-तेरा किलोंची असते. वजनाचा हा फरक पाहून अनेकांना वाटते की हलकी म्हणजे मौल्यवान आणि जड म्हणजे भंगार. हिशेब इतका सरळ नाही, आणि त्याचे कारण प्रवासात दडलेले आहे.

मुंबईहून निघालेले सहा जण

सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस टॉमस स्टीव्हन्स. १८८४ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला तो पन्नास इंची पुढचे चाक असलेल्या उंच सायकलीवर. युरोप आणि तुर्कस्तान ओलांडून तो इराणला पोहोचला. तेहरानमध्ये त्याने हिवाळा काढला. अफगाणिस्तानात त्याला अडवून परत पाठवले गेले, म्हणून तो समुद्रमार्गे कराचीला उतरला, रेल्वेने लाहोरला गेला आणि तिथून ग्रँड ट्रंक रोडने कलकत्त्यापर्यंत सायकल चालवत गेला. डिसेंबर १८८६ मध्ये जपानमधल्या योकोहामा इथे त्याचा प्रवास संपला.

आपल्या मुंबईचे नाव या इतिहासात आणले ते पारशी तरुणांनी. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, केकी पोचखानवाला, गुस्ताद हाथीराम आणि नरिमन कापडिया हे सहा जण मुंबईहून निघाले. इराण, इराक, सीरियाचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, इंडो-चीन, सयाम, ब्रह्मदेश असा सुमारे ७१ हजार किलोमीटरचा प्रवास करून मार्च १९२८ मध्ये त्यांपैकी हकीम, बापासोला आणि भुमगरा हे तिघे सायकलवरून मुंबईला परतले.

ही मंडळी निघाली तेव्हा ५३१ नळी बाजारात यायला अजून बारा वर्षे होती. गिअर बदलण्याची आजची सोय नव्हती. वाटेत कोणत्याही कंपनीची सेवा केंद्रे नव्हती. अशा प्रवासात जे मोडते ते जिथे मोडले तिथल्याच लोहाराकडून नीट करून घ्यावे लागते. साधे पोलाद या बाबतीत फार उदार असते. ते वाकले तर सरळ करता येते, तुटले तर भट्टीवर किंवा वेल्डिंगच्या दुकानात जोडता येते, आणि जाड असल्यामुळे जास्त उष्णता लागली तरी सहन करते. ५३१ सारखी पातळ नळीही दुरुस्त होते, पण तिला बेताच्या उष्णतेवर पितळेची किंवा चांदीची झाळ देणारा जाणता हात लागतो. महामार्गावरच्या वेल्डरने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखी ती जोडली, तर सांध्याच्या बाजूला पुन्हा तुटण्याची भीती राहते. ॲल्युमिनियम आणि कार्बनचे तर खेड्यात काहीच करता येत नाही.

म्हणून जुन्या सायकलीचे मोल ठरवताना पहिला प्रश्न असा विचारावा की ती कुठे चालवायची आहे, आणि तिथे तिला हात लावणारा कोण आहे.

करीम दीन यांचे ‘हिरो’

स्वातंत्र्याच्या आगेमागे भारतात सायकलचे कारखाने उभे राहिले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ मध्ये मुरुगप्पा घराणे आणि इंग्लंडची ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स यांनी मिळून टीआय सायकल्स सुरू केली. बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना आला. १९५१ मध्ये सोनीपतला जानकीदास कपूर यांची ॲटलस सुरू झाली.

लुधियानाची गोष्ट या सगळ्यांत वेगळी आहे. मुंजाल कुटुंब मूळचे कमालियाचे. हे गाव आज पाकिस्तानात आहे. तिथून अमृतसर आणि मग लुधियानाला येऊन हे भाऊ सायकलच्या सुट्या भागांचा व्यापार करू लागले. सुनील कांत मुंजाल यांनी ‘द मेकिंग ऑफ हिरो’ या पुस्तकात त्या काळातली एक हकिकत नोंदवली आहे. करीम दीन नावाचे गृहस्थ सायकलच्या सीट बनवत आणि ‘हिरो’ या नावाने विकत. १९४७ मध्ये ते पाकिस्तानला जायला निघाले. तेव्हा ओमप्रकाश मुंजाल यांनी त्यांच्याकडे हे नाव वापरण्याची परवानगी मागितली आणि करीम दीन यांनी ती दिली. १९५६ मध्ये याच नावाने लुधियानात सायकलचा कारखाना सुरू झाला. १९८६ मध्ये जगातला सर्वांत मोठा सायकल उत्पादक म्हणून हिरोची गिनीज बुकात नोंद झाली.

फाळणीच्या रक्तपातात पंजाबच्या एका बाजूने उखडलेले एक कुटुंब आणि दुसऱ्या बाजूला निघालेला एक मुसलमान कारीगर यांच्यातला हा व्यवहार आहे. गावोगावच्या शाळकरी मुलांनी, पोस्टमननी, गवळ्यांनी ज्या नावावर पायडल मारले ते नाव करीम दीन यांच्या मालाचे होते. सायकलच्या इतिहासात मुसलमानांचा उल्लेख येतो तो बहुधा पंक्चर काढण्यापुरता, म्हणून ही हकिकत लक्षात ठेवावी अशी आहे.

या कारखान्यांतले काही आज उरलेले नाहीत. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले अडचणीत आले, १९८० मध्ये संसदेने कायदा करून दोन्हींचे राष्ट्रीयीकरण केले, पण पुढे दोन्ही बंद पडले. ॲटलसने साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद केला. तो दिवस जागतिक सायकल दिन होता. कारखाने गेले, तरी त्यांच्या सायकली आजही चालतात, कारण लुधियानात बनणारे कप, कोन, एक्सल, फ्रीव्हील आणि पायडल बहुतेक जुन्या भारतीय रोडस्टरना बसतात.

सायकल पाहायची कशी

आता सौद्याकडे येऊ. सायकल पाहताना नाव शेवटी वाचावे, सांगाडा आधी पाहावा. बाकी सगळे बदलता येते.

पहिल्यांदा हँडलच्या मागे, जिथे दांडी आणि खालची तिरकी नळी येऊन मिळतात, तिथे नळ्यांच्या खालच्या अंगावरून बोट फिरवावे. सायकल कधी समोरून जोरात आदळली असेल तर तिथे बारीक सुरकुती किंवा फुगवटा हाताला लागतो, रंगाला आडवी चीर दिसते. मग सायकल बाजूने पाहावी. पुढचा चिमटा मागे दबलेला असेल तर तेच निदान पक्के होते. मागे उभे राहून एक डोळा मिटून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का, तेही पाहावे.

दोऱ्याची परीक्षा याहून नेमकी आहे. मागचे चाक जिथे बसते त्या एका खाचेला दोरा बांधावा, तो पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घालून परत आणावा आणि दुसऱ्या बाजूच्या खाचेला ताणून बांधावा. आता सीटच्या नळीपासून दोन्हीकडच्या दोऱ्याचे अंतर मोजावे. ते सारखे असेल तर सांगाडा सरळ आहे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल तर मागचा भाग एका बाजूला गेला आहे. पोलादी सांगाडा जाणकार मिस्त्री थंड अवस्थेतच सरळ करू शकतो, म्हणून एवढ्यावरून सायकल नाकारू नये, पण भाव त्या प्रमाणात उतरावा.

नंतर गंज. वरचा तांबूस थर फारसा धोक्याचा नसतो, कापडाने आणि तेलाने तो जातो. धोका आतल्या गंजाचा. सीटच्या नळीतून गळलेले पावसाचे पाणी खाली पायडलच्या एक्सलजवळ साचते आणि तिथून पोलाद खाऊ लागते. कोकणपट्टीतल्या खाऱ्या, दमट हवेत राहिलेल्या सायकलीत हे अधिक पाहावे. सीट वर-खाली होते का, हँडल निघते का, हे विकणाऱ्यासमोरच करून पाहावे. पोलादी नळीत ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट वर्षानुवर्षे तसाच राहिला तर दोन्ही धातू एकमेकांना असे धरतात की तो काढताना सांगाडा वाया जाऊ शकतो.

ताज्या रंगाकडे संशयाने पाहावे. रंगाखाली सुरकुती, वेल्डिंग आणि गंज तिन्ही लपतात. विकणाऱ्याने दोष आपणहून सांगावा ही अपेक्षा सगळ्याच समाजांच्या व्यवहारात आहे. इस्लामी फिकहमध्ये तर ‘खियार-उल-ऐब’ या नावाने त्याचा नियमच आहे. लपवलेला दोष नंतर आढळला तर घेणाऱ्याला सौदा मोडण्याचा हक्क असतो. जुन्या बाजारात हा हक्क बजावणे कठीण, म्हणून आधी पाहून घेणे बरे.

आता नाव वाचायला हरकत नाही. ‘रॅले’ लिहिलेली प्रत्येक सायकल नॉटिंगहॅमची नसते. आसनसोलच्या कारखान्यातही रॅले, रज आणि हंबर या नावांच्या सायकली बनत. पुढच्या बिल्ल्यावर कारखान्याचे गाव लिहिलेले असते. मागच्या चाकाच्या नाभीत स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब असेल तर त्यावर अनेकदा वर्षाचे दोन आकडे आणि महिन्याचा आकडा कोरलेला सापडतो. त्यावरून वय कळते, पण चाक नंतर बदललेले असू शकते, हेही ध्यानात ठेवावे. रेनॉल्ड्सचे लेबल असेल तर ते पूर्ण वाचावे. काही सायकलींत सगळ्या नळ्या ५३१ च्या असतात, काहींत फक्त तीन मुख्य नळ्या. लेबल खोटेही चिकटवता येते. त्यासाठी सीटपोस्टचा व्यास मोजावा. तो २७.२ मिलिमीटर किंवा त्याच्या जवळपास असेल तर नळी पातळ आणि चांगल्या प्रतीची असण्याची शक्यता बरीच. २५-२६ च्या घरात असेल तर ती बहुधा साधी, जाड नळी असते.

नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेची एक खोड घेणाऱ्याला माहीत असावी. बाकीचे बहुतेक इंग्रजी कारखाने हँडल आणि पायडलच्या कपांना इंचाला २४ आटे पाडत, रॅले मात्र आपल्या अनेक सायकलींना २६ आटे पाडत असे. बाजारातला कप तिथे बसत नाही. म्हणजे हे कप झिजले असतील तर अस्सलपणाच महागात पडतो.

चाकांच्या मापातही असाच पेच आहे. रोडस्टरचा २८ इंची टायर आपल्याकडे अजून सहज मिळतो. जुन्या इंग्रजी प्रवासी सायकलींचा २७ इंची टायर मिळणे अवघड. आजच्या प्रवासी सायकलींचे ७००सी हे माप त्याहून किंचित लहान असते, दोन्ही एकमेकांना चालत नाहीत. रिम बदलायची, तर ब्रेकचे रबर नव्या रिमपर्यंत पोहोचते का तेही पाहावे लागते.

शेवटी चेन. एका पिनेच्या मध्यावर फूटपट्टीचा शून्य धरला तर बारा इंचांच्या रेघेवर पंचविसाव्या पिनेचा मध्य यायला हवा. तो अष्टमांश इंचाने पुढे गेला असेल तर चेन ताणली आहे आणि तिने फ्रीव्हीलचे दातही खाल्ले असणार. दोन्ही एकदमच बदलावे लागतात. क्रँक हाताने डावी-उजवीकडे हलवून खेळ किती आहे, चाक फिरवून आऊट किती आहे, हे त्याच वेळी पाहून घ्यावे.

किंमतीचा हिशेब

एवढे पाहिल्यावर किंमत काढणे सोपे होते. ही सायकल उत्तम चालत असती तर तिला बाजारात किती मिळाले असते, ती रक्कम लिहावी. मग टायर-ट्यूब, चेन, फ्रीव्हील, ब्रेकचे रबर, केबल, कप-कोन, जे जे लागणार त्याची किंमत वजा करावी. प्रवासासाठी घेत असाल तर मडगार्ड आणि कॅरिअर बसवायला सांगाड्यावर छिद्रे आहेत का, मागच्या नळ्या पुरेशा लांब आहेत का, हे पाहावे. त्या आखूड असल्या तर पायडल मारताना टाच सामानाच्या पिशवीला लागते.

या हिशेबात एक ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत, मिस्त्रीच्या मजुरीची. सुटे भाग दुकानातून घेताना कुणी फारशी घासाघीस करत नाही. चाकाचा आऊट काढायला तासभर बसलेल्या माणसाला मात्र ‘एवढ्याचे इतके?’ असे विचारले जाते. छत्तीस-चाळीस तारा एकेक करून ताणत, सैल करत चाक गोल आणि सरळ करणे हे कान, डोळा आणि बोटांचे काम आहे. तार छेडून तिच्या आवाजावरून ताण ओळखणारे उस्ताद आपल्या मोहल्ल्यांत होते, अजूनही आहेत. सुरकुतलेली नळी, दबलेला चिमटा, रंगाखालचे वेल्डिंग त्यांना दुरून दिसते. वर सांगितलेल्या परीक्षांतल्या अर्ध्याअधिक त्यांनी कुठे वाचलेल्या नाहीत, हाताखाली काम करता करता शिकलेल्या आहेत.

महाराष्ट्रात नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि वर्षाचा बिल्ला देत, तासाच्या भाड्याने सायकली मिळत, पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, त्या काळात या मिस्त्रीचे दुकान प्रत्येक पेठेत असे. स्कूटर आणि मोटारसायकल आल्यावर ती दुकाने घटली. उरलेल्यांत बरेच जण पंक्चर आणि हवा यांवर गुजराण करू लागले. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवले की मुसलमान कामगारांमध्ये स्वयंरोजगारावर जगणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. नोकरी आणि भांडवल दोन्ही ज्यांच्यापासून दूर राहिले, त्यांनी हाताचे हुन्नर धरले. गेल्या काही वर्षांत ‘पंक्चरवाला’ हा शब्द मुसलमानांना हिणवण्यासाठी सर्रास वापरला जातो. या टोमण्यावर आपल्यातले काही जण आमच्यात डॉक्टर-इंजिनिअरही आहेत असे उत्तर देतात. ते खरेच आहे, आणि मुलांनी शिकावे यात दुमत नाही. पण त्या उत्तरात पंक्चर काढणे कमी दर्जाचे आहे हे आपणही मान्य करून टाकतो.

जुन्या सायकलीचा इतिहास उलट साक्ष देतो. रेनॉल्ड्सची नळी, स्टर्मी-आर्चरचा हब, लुधियानाचे कप-कोन हे सगळे आज उपयोगाचे आहे ते उघडून, पुसून, ग्रीस भरून पुन्हा बसवणारा कुणीतरी आहे म्हणून. तो नसेल तर अस्सल ५३१ ची सायकलही भिंतीवर टांगायची शोभेची वस्तू होते. तो असेल तर आसनसोलची जड रोडस्टरही पंढरपूरपर्यंत जाऊन येते.

तेव्हा जुनी पोलादी सायकल घ्यायला निघालात तर एखाद्या जुन्या मिस्त्रीला बरोबर घ्या. त्याचा अर्धा दिवस मोडेल, त्याचे पैसे आधी ठरवून द्या आणि ते किमतीच्या हिशेबात लिहा. तो दोरा बांधून सांगाडा तपासत असेल तेव्हा घरातल्या मुलामुलींना शेजारी उभे करा. पुढच्या वेळी सायकल पाहायला कुणीतरी लागणार आहे.